दावा तडजोडीने मिटला. मग दिलेली रक्कम नागरिकांना का कळू नये?

मुलुंडकर

नमस्कार. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कारभाराची माहिती असलेल्या सदस्यांकडून एका बाबतीत मार्गदर्शन हवे आहे.

मुंबई महानगर प्रदेशातील एका स्थानिक संस्थेने काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीलगत पर्जन्य जलवाहिनीसाठी खोदकाम केले होते. (संस्थेचे नाव येथे मुद्दाम लिहीत नाही.) खोदलेल्या चराच्या बाजूंना पुरेसा आधार दिला गेला नव्हता. पहिल्याच मोठ्या पावसात शेजारच्या इमारतीची संरक्षक भिंत ढासळली आणि तळमजल्यावरच्या घरांत चिखल शिरून सामानाची पार नासाडी झाली. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. त्या इमारतीच्या गृहनिर्माण संस्थेने रीतसर नोटीस देऊन दावा लावला. तारखांवर तारखा पडल्यानंतर दोन्ही बाजूंची बोलणी झाली, न्यायालयात संमती अटी (दोन्ही पक्षांनी मान्य केलेल्या तडजोडीच्या लेखी अटी) दाखल झाल्या, दावा निकाली निघाला आणि शेजाऱ्यांना भरपाई मिळाली. ती त्यांना मिळायलाच हवी होती आणि त्यांच्याविषयी माझी कोणतीही तक्रार नाही.

आता त्याच जलवाहिनीचे पुढचे काम आमच्या कुंपणापर्यंत येऊन ठेपले आहे. मागच्या वेळी चूक कोणाची ठरली, भरपाईची रक्कम कंत्राटदाराकडून वसूल झाली की करदात्यांच्या माथी बसली, आणि त्या अनुभवानंतर कामाच्या पद्धतीत काही बदल झाला का, हे जाणून घेण्यासाठी मी माहिती अधिकारात अर्ज केला. त्याला आलेले उत्तर जेमतेम दोन ओळींचे आहे. प्रकरण उभयपक्षी संमतीने मिटले असून मागितलेली माहिती त्रयस्थ पक्षाची व वैयक्तिक स्वरूपाची असल्याने देता येत नाही, एवढेच त्यात लिहिले आहे. शेजारच्या संस्थेचे पदाधिकारीही बोलायला तयार नाहीत, कारण संमती अटींमध्ये गोपनीयतेचे कलम आहे असे त्यांचे म्हणणे आहे.

स्थानिक संस्थेने दिलेला पैसा हा नागरिकांच्या करांतून आलेला असतो. अशा पैशाचा हिशेब दोन पक्षांनी आपापसात ठरवून झाकता येतो का? येत नसेल, तर मी नेमके काय आणि कोणाकडे मागावे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

फोर्टमधील वकील

मुलुंडकर साहेब, मी दिवाणी दावे चालवतो आणि मध्यंतरी काही काळ एका स्थानिक संस्थेच्या वकिलांच्या यादीवरही होतो. त्यामुळे अशा तडजोडी दोन्ही बाजूंनी जवळून पाहिल्या आहेत. आपल्याला मिळालेले उत्तर अपिलात टिकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी तडजोडीची वाट समजून घेऊ, कारण कागद कुठे सापडतील हे त्यावरूनच कळते. मुंबई महानगरपालिकेला लागू असलेल्या १८८८ च्या अधिनियमातील कलम ५२७ नुसार, महापालिकेने अधिनियमाखाली केलेल्या कृतीबद्दल दावा लावण्यापूर्वी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि कारण घडल्यापासून सहा महिन्यांत दावा दाखल करावा लागतो. पुरेशी भरपाई आधीच देऊ केली गेली असेल तर नुकसानभरपाईचा दावा फेटाळला जातो, अशीही तरतूद त्याच कलमात आहे. म्हणजे चूक असेल तर ती न्यायालयाची पायरी चढण्याआधीच भरून द्यावी, हे कायद्याला दीड शतकाच्या आसपास मान्य आहे. दावा उभा राहिल्यानंतर तो मिटवायचा झाला, तर कलम ५१७ पाहावे लागते. महापालिकेविरुद्धच्या दाव्यात तडजोड करण्याचा अधिकार आयुक्तांना आहे, परंतु तो स्थायी समितीच्या मान्यतेने वापरायचा आहे. ठाणे, नवी मुंबई अशा महापालिकांना १९४९ चा अधिनियम लागू होतो आणि दाव्यांविषयीच्या याच स्वरूपाच्या तरतुदी तेथे कलम ४८१ मध्ये आहेत.

त्यामुळे प्रत्येक तडजोडीमागे विधी खात्याचा अभिप्राय, आयुक्तांचा प्रस्ताव, स्थायी समितीचा ठराव आणि न्यायालयाचा हुकूमनामा (डिक्री), असे कागद असायलाच हवेत. यांपैकी वकिलाने आपल्या अशिलाला दिलेल्या सल्ल्याला गोपनीयतेचे संरक्षण आहे, आणि ते असावेही. प्रस्ताव, ठराव आणि हुकूमनामा यांना मात्र तसे संरक्षण मागण्याचे कोणतेही कारण मला दिसत नाही. प्रस्ताव लोकप्रतिनिधींच्या समितीपुढे जातो, आणि हुकूमनामा तर न्यायालयाच्या अभिलेखाचाच भाग असतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३, नियम ३ प्रमाणे न्यायालय तडजोड कायदेशीर आहे याची खात्री करून मगच तिच्या अटींनुसार हुकूमनामा करते. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर कलम ९६(३) मुळे अपील होत नाही. लढवलेल्या दाव्यात चूक कोणाची यावर साक्षीपुरावा होतो, न्यायाधीश कारणे लिहितात आणि वरचे न्यायालय ती तपासते. तडजोडीत यातले काहीच होत नाही. म्हणूनच तडजोडीच्या बाबतीत नागरिकांना माहिती मिळण्याची गरज जास्त आहे.

आता आपल्या अर्जावर आलेल्या उत्तराकडे वळतो. माहिती त्रयस्थ पक्षाची आहे एवढे लिहून अर्ज निकालात काढता येत नाही. माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ११ प्रमाणे जन माहिती अधिकाऱ्याने त्या पक्षाला पाच दिवसांत नोटीस द्यायची असते, त्याला म्हणणे मांडायला दहा दिवस मिळतात आणि त्यानंतर निर्णय अधिकाऱ्याने स्वतः घ्यायचा असतो. त्या पक्षाची हरकत विचारात घ्यायची असते, पण तिला नकाराधिकाराचे वजन नसते. ही प्रक्रिया आपल्या प्रकरणात झाली का, हे अपिलात पहिल्यांदा विचारा.

वैयक्तिक माहितीचा मुद्दा थोडा नाजूक झाला आहे. कलम ८(१)(ञ) मध्ये पूर्वी, माहितीचा सार्वजनिक कामकाजाशी संबंध आहे का आणि व्यापक लोकहित आहे का, अशी कसोटी त्याच खंडात होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाच्या कलम ४४(३) ने तो खंड बदलून, वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती, एवढाच मजकूर ठेवला. हा बदल मला मान्य नाही, पण तो कायदा आहे. तरीही कलम ८(२) शाबूत आहे, आणि संरक्षित हितापेक्षा लोकहित मोठे असेल तर माहिती देता येते असे ते म्हणते. शिवाय कलम १० प्रमाणे देता न येणारा भाग वगळून उरलेला भाग द्यावा लागतो. सदनिकाधारकांची नावे आणि बँक खात्यांचे क्रमांक काळे करून संमती अटींची प्रत देण्यात अडचण काय आहे, हे कार्यालयाने कारणांसह सांगायला हवे.

गोपनीयतेच्या कलमाविषयी थोडक्यात सांगतो. कलम २२ ने माहिती अधिकार अधिनियमाला त्याच्याशी विसंगत असलेल्या इतर कायद्यांवर वरचढ स्थान दिले आहे. जेथे दुसरा कायदाही आड येऊ शकत नाही, तेथे दोन पक्षांच्या करारातील एक अट सार्वजनिक प्राधिकरणाला त्याच्या कर्तव्यातून मोकळे करू शकत नाही. न्यायालयानेच एखादी माहिती प्रसिद्ध करण्यास स्पष्ट मनाई केली असेल तर गोष्ट वेगळी, कारण तिथे कलम ८(१)(ख) लागते. तसा आदेश आहे का, असेल तर त्याची तारीख काय, हे विचारणे आपला हक्क आहे.

निवृत्त लेखापाल

वकील साहेबांनी कायद्याची बाजू उत्तम मांडली आहे. मी आयुष्यभर एका स्थानिक संस्थेच्या लेखा विभागात काम केले, म्हणून पैशाची बाजू सांगतो. प्रत मिळाली तरी रक्कम शोधताना आपली दमछाक होण्याची शक्यता आहे, आणि त्यात कोणाचा दुष्ट हेतू असेलच असे नाही. हिशेबाची रचनाच तशी आहे.

समजा, भिंत पडल्याच्या एखाद्या दाव्यात भरपाई द्यायची ठरली. ज्या खात्याच्या कामामुळे नुकसान झाले, त्या खात्याच्या अर्थसंकल्पीय तरतुदीतून ती दिली जाते. वकिलांची फी विधी खात्याच्या शीर्षाखाली पडते. खालच्या न्यायालयाच्या हुकूमनाम्याविरुद्ध अपील करून स्थगिती घेतली असेल, तर बहुतेक वेळा रक्कम न्यायालयात भरावी लागते आणि ती वहीत खर्च म्हणून न येता ठेव म्हणून येते. पुढे वर्षांनी तडजोड झाली की ती ठेव वर्ग होते. म्हणजे एकाच दाव्याचा पैसा तीन ठिकाणी, तीन वेगवेगळ्या आर्थिक वर्षांत विखुरतो. मुंबई महानगरपालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात अशा नोंदी एकत्र करून दाखवणारा तक्ता कोणी मागितल्याशिवाय तयार होणार नाही. वार्षिक लेख्यांच्या टिपांमध्ये संभाव्य दायित्वे द्यायची असतात, पण तेथे सगळ्या प्रलंबित दाव्यांची मिळून एकच बेरीज दिसते. मिटलेल्या दाव्यांचे पुढे काय झाले, ते त्यात दिसत नाही.

माझ्या टेबलावर आलेल्या एका नस्तीचे (फाइलचे) उदाहरण देतो. हिरव्या टिप्पणी कागदावर कनिष्ठ अभियंत्यापासून उपायुक्तांपर्यंत सर्वांच्या सह्या होत्या. भरपाई देणे संस्थेच्या हिताचे आहे, दावा लढवल्यास व्याजाचा बोजा वाढेल, वकिलांचा अभिप्राय अनुकूल आहे, असे सारे व्यवस्थित लिहिलेले होते. कंत्राटदाराकडून वसुलीचे काय, याबद्दल मात्र एक अक्षरही नव्हते. मी तशी पृच्छा लिहून नस्ती परत पाठवली. ती फिरून आली तेव्हा कळले की त्या कामाचा दोषदायित्व कालावधी (कामातील दोषांची जबाबदारी कंत्राटदारावर राहते ती मुदत) केव्हाच संपला होता आणि कंत्राटदाराची सुरक्षा ठेव त्याला परतही गेली होती. दावा न्यायालयात प्रलंबित असताना ठेव सोडली गेली, कारण ठेव सोडणाऱ्या खात्याला दावा प्रलंबित आहे हे कोणी कळवलेच नव्हते.

मुलुंडकर, म्हणून माझा आग्रह असा आहे की भरपाईच्या आकड्याइतकाच वसुलीचा प्रश्न लावून धरा. सार्वजनिक बांधकामाच्या निविदांमध्ये त्रयस्थांच्या नुकसानीची जबाबदारी कंत्राटदारावर टाकणारी अट असते आणि त्याने विमा उतरवणेही बंधनकारक असते. तेव्हा अपघाताची सूचना विमा कंपनीला वेळेत दिली होती का, कंत्राटदाराला दाव्यात प्रतिवादी केले होते का, आणि संमती अटींवर सही करताना कंत्राटदाराविरुद्धचा वसुलीचा हक्क राखून ठेवला होता का, हे विचारा. हा हक्क राखून ठेवणारे एक वाक्य संमती अटींत नसेल, तर नंतर वसुली करणे फार अवघड होते. ही माहिती कोणाच्याही खासगी आयुष्याशी संबंधित नाही, त्यामुळे वैयक्तिक स्वरूपाचे कारण इथे मुळीच लागू पडत नाही.

गिरगावची रहिवासी

आमच्या विभागातील नागरिक गटात आम्ही महापालिकेच्या समित्यांचे कामकाज वाचतो, त्यामुळे एक गोष्ट येथे नोंदवावीशी वाटते. स्थायी समितीची मान्यता ही तडजोडीवरची दुसरी नजर आहे, असे वकील साहेबांच्या उत्तरावरून दिसते. मुंबईत ही दुसरी नजर जवळजवळ चार वर्षे नव्हती. निवडून आलेल्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि तेव्हापासून प्रशासक नेमले गेले. त्या काळात आयुक्त हेच प्रशासक होते आणि समित्यांचे अधिकारही त्यांच्याकडेच होते. १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान होऊन नवे सभागृह येईपर्यंत हीच स्थिती होती. म्हणजे तडजोडीचा प्रस्ताव मांडणारे आणि त्याला मान्यता देणारे पद एकच होते. या काळात कोणी काही गैर केले असा माझा आरोप नाही आणि तसा पुरावाही माझ्याकडे नाही. परंतु विरोधी पक्षाचा एखादा सदस्य उभा राहून, ही रक्कम एवढी का, असे विचारतो तेव्हा तो प्रश्न आणि त्याचे उत्तर इतिवृत्तात येते. तशी नोंद त्या वर्षांच्या तडजोडींबाबत असणे शक्यच नाही. म्हणून नव्या स्थायी समितीने मार्च २०२२ पासून मिटवलेल्या सर्व दाव्यांची यादी पटलावर मागवावी, अशी विनंती आम्ही आमच्या नगरसेवकांना करणार आहोत.

रस्त्यांवरील खड्डे आणि उघडी मॅनहोल यांच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिलेला आदेश या चर्चेत महत्त्वाचा आहे. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना दुखापतीच्या गांभीर्यानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये द्यावेत, ही रक्कम आधी संबंधित प्राधिकरणाने द्यावी आणि नंतर जबाबदार अधिकारी, अभियंते किंवा कंत्राटदार यांच्याकडून वसूल करावी, असे त्यात सांगितले आहे. भरपाई ठरवण्यासाठी समित्याही नेमल्या आहेत. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एका नामवंत डॉक्टरांचा उघड्या मॅनहोलमध्ये पडून अंत झाला, ती बातमी आजही अंगावर काटा आणते. इतक्या वर्षांनी का होईना, भरपाईचा निश्चित मार्ग तयार झाला हे चांगलेच झाले. पण दिलेल्या प्रत्येक रकमेपुढे वसूल झालेली रक्कम लिहिलेली असेल तरच आदेशाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचे पालन झाले की नाही हे आपल्याला समजेल. पीडितांची नावे जाहीर करण्याची मुळीच गरज नाही. विभाग, घटनेचे स्वरूप, दिलेली रक्कम, वसुलीची रक्कम आणि जबाबदार ठरलेले पद एवढे पुरे आहे.

इतरत्र हे होते. न्यूयॉर्क शहराचे नियंत्रक शहराविरुद्धच्या दाव्यांवर आणि ते मिटवण्यासाठी दिलेल्या रकमांवर दरवर्षी अहवाल प्रसिद्ध करतात. कोणत्या खात्यामुळे किती पैसे गेले ते त्यात दिसते. शिकागोमध्ये १ लाख डॉलरपेक्षा मोठी तडजोड शहर परिषदेपुढे मंजुरीसाठी न्यावी लागते. आपल्या कायद्यात समितीची मान्यता १८८८ पासून लिहिलेली आहे. ती मान्यता नागरिकांना दिसेल अशी करणे, एवढेच उरले आहे.

दहिसरहून

आपण सर्वांनी मांडलेले मुद्दे पटतात, तरीही एक शंका मांडतो, कारण ती मांडल्याशिवाय ही चर्चा एकांगी होईल असे वाटते. माझे मोठे बंधू एका सार्वजनिक उपक्रमात अधिकारी होते. त्यांचा अनुभव असा की दावा हरून व्याजासकट रक्कम भरली तर कोणी अधिकाऱ्याला जाब विचारत नाही, कारण तो न्यायालयाचा आदेश असतो. पण तोच दावा अर्ध्या रकमेत मिटवला तर लेखापरीक्षणाचा आक्षेप येतो, दक्षता विभागाची पत्रे येतात आणि निवृत्तिवेतन अडकण्याची भीती निर्माण होते. अशा वातावरणात प्रत्येक तडजोड संकेतस्थळावर टाकली तर कोणता अधिकारी सही करेल? दावे भिजत घोंगड्यासारखे पडून राहतील आणि ज्याचे घर पडले तो माणूस वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहील. शिवाय एकाला किती मिळाले हे कळले की पुढचा प्रत्येक जण तेवढीच मागणी करेल, हाही धोका आहेच.

फोर्टमधील वकील

आपली शंका अगदी रास्त आहे आणि तिचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. मिटवण्याजोगा दावा केवळ सही करायला कोणी धजावत नाही म्हणून पुढच्या न्यायालयात जातो, हे वारंवार घडते. पण या भीतीचे मूळ उघडेपणात आहे असे मला वाटत नाही. निर्णयामागची कारणे नस्तीत दडलेली राहतात आणि आक्षेप घेणाऱ्याला केवळ दिलेली रक्कम दिसते, म्हणून अधिकारी घाबरतो. दावा लढवला असता तर किती खर्च आला असता, व्याज किती चढले असते, पुराव्याची बाजू किती कमकुवत होती, हे ठरावातच लिहिलेले असेल आणि ते सर्वांना वाचता येत असेल, तर प्रामाणिक अधिकाऱ्याला त्याहून भक्कम संरक्षण दुसरे नाही. त्याचबरोबर हरलेल्या दाव्यांचीही यादी प्रसिद्ध झाली पाहिजे. ज्यांनी मिटवायचे नाकारून व्याजासकट दुप्पट रक्कम भरायला लावली, त्यांनाही मग कारणे द्यावी लागतील. आज फक्त तडजोड करणाराच उघडा पडतो, हा खरा अन्याय आहे.

पुढचे दावेदार तेवढीच मागणी करतील, हे थोडेफार खरे आहे. मात्र सारख्या नुकसानीला सारखी भरपाई मिळणे ही वाईट गोष्ट नव्हे. आज चांगला वकील परवडणाऱ्याला जास्त आणि चाळीतल्या माणसाला कमी मिळते, ते आकडे झाकलेले असल्यामुळेच.

बोलणी चालू असताना मात्र गुप्तता हवीच, याबाबत माझे दुमत नाही. संस्था कुठपर्यंत जायला तयार आहे हे समोरच्याला आधीच कळले, तर करदात्यांचेच नुकसान होईल. २०२३ च्या मध्यस्थी अधिनियमानेही मध्यस्थीतील बोलण्यांना गोपनीय ठेवले आहे. लवादातील कार्यवाहीलाही १९९६ च्या अधिनियमात २०१९ साली घातलेल्या कलम ४२अ ने गोपनीयता दिली. कंत्राटदारांबरोबरचे मोठ्या रकमांचे वाद बहुधा लवादातच सुटतात, त्यामुळे या कलमाचा उपयोग करून निवाड्याची रक्कमसुद्धा सांगायला नकार दिला जाण्याची मला काळजी वाटते. बोलणी गोपनीय ठेवणे एक आणि त्या बोलण्यांतून ठरलेला सार्वजनिक खर्च गोपनीय ठेवणे अगदी दुसरे. पैसा तिजोरीतून बाहेर पडला की तो खर्चाचा तपशील होतो, आणि त्याला लेखापरीक्षणाचे व नागरिकांच्या प्रश्नांचे नियम लागतात. लैंगिक छळाची किंवा अल्पवयीन मुलांची प्रकरणे अर्थातच अपवाद आहेत. तेथे ओळख पटेल असे काहीही बाहेर येता कामा नये.

वैयक्तिक जबाबदारीबद्दल सर्वोच्च न्यायालयाची भूमिका जुनी आणि सुस्पष्ट आहे. लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात १९९३ सालीच न्यायालयाने म्हटले की अधिकाऱ्यांच्या छळवणुकीबद्दल दिलेली भरपाई शेवटी करदात्यांच्या पैशातून जाते, म्हणून ती दोषी अधिकाऱ्यांकडून वसूल केली पाहिजे. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी बेकायदा पाडकामांविषयी दिलेल्या निकालातही अधिकाऱ्यांना पुनर्बांधणीच्या खर्चासाठी वैयक्तिकरीत्या जबाबदार धरता येईल असे स्पष्ट केले आहे. मात्र दाव्यात चूक कोणाची हे ठरण्याआधीच तडजोड झाली, तर ही तत्त्वे लावायची कोणाला? म्हणून तडजोडीला मान्यता देताना, चूक निश्चित करणारी खात्यांतर्गत चौकशी किती दिवसांत पूर्ण होईल, हे त्याच ठरावात लिहिण्याची सक्ती असावी असे मला वाटते.

मुलुंडकर

सर्वांचे मनापासून आभार. शेजाऱ्यांची खासगी माहिती मागणारा अशी माझी प्रतिमा होऊ नये ही काळजी मला होती. कोणती माहिती त्यांची आणि कोणती संस्थेची, हे या चर्चेमुळे नीट समजले. मी दोन गोष्टी करायचे ठरवले आहे. पहिल्या उत्तरावर प्रथम अपील करीन, आणि वसुलीच्या प्रश्नासाठी वेगळा अर्ज देईन, कारण राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द एवढीच मर्यादा आहे. नव्या अर्जाचा मसुदा असा केला आहे:

'अमुक क्रमांकाच्या दाव्यातील तडजोडीस मान्यता देणारा स्थायी समितीचा किंवा प्रशासकांचा ठराव, त्यासोबतचा प्रस्ताव, दिलेल्या रकमेचे लेखाशीर्ष व तारीख. संबंधित कामाच्या कंत्राटातील नुकसानभरपाईच्या जबाबदारीची अट. विमा कंपनीला दिलेल्या सूचनेची प्रत. कंत्राटदाराकडून वसुलीसाठी केलेला पत्रव्यवहार. आणि सुरक्षा ठेव परत केल्याची तारीख. सदनिकाधारकांची वैयक्तिक माहिती वगळून प्रती द्याव्यात.'

यात काही सुटले असेल तर सांगावे. संमती अटींची प्रत न्यायालयाकडेच मागितली तर लवकर मिळेल का?

फोर्टमधील वकील

मसुदा चांगला आहे. ज्या कागदांच्या प्रती मागत आहात त्या नस्तीचे अवलोकन करण्याची मागणीही त्यात जोडा. कलम २(ञ) प्रमाणे अभिलेख पाहणे, टिपणे काढणे हा माहितीच्या अधिकाराचाच भाग आहे, आणि टिप्पणीचा भाग डोळ्यांनी पाहिला की कोणता कागद मागायचा राहिला ते लगेच कळते. प्रथम अपिलासाठी उत्तर मिळाल्यापासून ३० दिवस असतात. ती मुदत चुकवू नका. त्यातही निराशा झाली तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करता येते.

न्यायालयाच्या नकलेबद्दल सांगायचे तर, सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी गुजरात उच्च न्यायालयाशी संबंधित प्रकरणात स्पष्ट केले की न्यायालयीन कागद त्रयस्थाला हवे असतील तर माहिती अधिकारातून न मागता न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांप्रमाणे मागावेत. त्यामुळे दावा जेथे चालला त्या न्यायालयाच्या नक्कल विभागात, प्रत कशासाठी हवी हे सांगणाऱ्या शपथपत्रासह अर्ज करा. आपल्या कुंपणालगत तेच काम सुरू होत आहे, हे कारण पुरेसे सबळ आहे. संस्थेच्या स्वतःच्या नस्तीत असलेल्या प्रतीला मात्र माहिती अधिकार लागू आहे असे मी मानतो, म्हणून दोन्ही अर्ज एकाच वेळी द्यावेत.

निवृत्त लेखापाल

मसुद्यात 'सुरक्षा ठेव परत केल्याची तारीख' या शब्दांनंतर 'व त्या तारखेस सदर दावा प्रलंबित असल्याची नोंद संबंधित खात्याकडे होती किंवा कसे' हे शब्द घाला. आणि आपल्या बाजूच्या नव्या कामासाठी आजच एक साधे पत्र कार्यकारी अभियंत्यांना देऊन त्याची पोच घ्या. मागील घटनेचा उल्लेख करून, चराला आधार देण्याची व्यवस्था आणि कंत्राटदाराच्या विम्याची प्रत दाखवावी, अशी मागणी त्यात करा. शक्य झाल्यास काम सुरू होण्यापूर्वी आपल्या भिंतीची तारखेसह छायाचित्रे काढून त्याच पत्राला जोडा.